पाहणारे पडदे आणि त्यांचा विद्युत गोंगाट

काचेवर अंगठा टेकवला की फोन उघडतो. खोलीतला उजेड कमी झाला की पडदा आपोआप मंद होतो. ही कामं लाइट सेन्सर करतात. खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर एकेकाळी पडद्याच्या वरच्या पट्टीत, एका बारीक भोकाआड असायचा. तिथून तो पडद्याखाली गेला आणि आता थेट पडद्याच्या आत, चित्राच्या पिक्सेलला खेटून बसू लागला आहे. या नव्या जागेची अडचण अशी की डिस्प्ले पॅनेल हे विजेच्या दृष्टीने फार गोंगाटाचं ठिकाण आहे आणि सेन्सरचा सिग्नल फार क्षीण आहे. पॅनेलमधल्या तारांचा, ड्रायव्हर चिपचा, चार्जरचा, इतकंच काय घरातल्या दिव्यांचाही नॉइज त्यात मिसळतो. तो कमी करण्यासाठी गेल्या वीस-बावीस वर्षांत पुष्कळ उपाय झाले. काही प्रत्यक्ष उत्पादनांत टिकले, काही पेटंटच्या कागदांतच राहिले. त्यांचा आढावा घेताना माझं मत आधीच सांगून टाकतो: सेन्सरभोवती आडोसा किती पक्का बांधला यापेक्षा सेन्सर नेमका केव्हा वाचला, यावर आजवरचं यश जास्त अवलंबून राहिलं आहे.

आधी प्रमाण

पिक्सेलच्या कोपऱ्यात बसणारा फोटोडायोड काही मायक्रोमीटर रुंदीचा असतो. मंद उजेडात त्यातून एक पिकोअँपिअर प्रवाह वाहतो असं धरू. पिकोअँपिअर म्हणजे अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग. पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करत असेल तर एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्या वेळात डायोड गोळा करतो तो विद्युतभार १६.७ फेम्टोकुलोम, म्हणजे साधारण एक लाख इलेक्ट्रॉन. हा भार अर्ध्या पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर साठवला की त्याचं व्होल्टेज सुमारे ३३ मिलिव्होल्टनी बदलतं. आपला सिग्नल एवढाच.

त्याच्या शेजारून, काही मायक्रोमीटरवरून, डेटा लाइन जाते. पिक्सेलला चित्राचं व्होल्टेज पोचवणारी ही तार ओळीमागून ओळीला पाच व्होल्टनी सहज वरखाली होते. ही तार आणि सेन्सरचं साठवणीचं टोक यांच्यात नुसतं एक फेम्टोफॅरड चोरटं कपॅसिटन्स राहून गेलं, तरी पाच व्होल्टच्या उडीतून सेन्सरवर १० मिलिव्होल्ट उमटतात. पिक्सेलचा ट्रान्झिस्टर उघडबंद करणारी गेट लाइन याहून दांडगी. उणे पाचपासून अधिक वीसपर्यंत ती एका दमात पंचवीस व्होल्टची झेप घेते, आणि तेवढ्याच कपॅसिटन्समधून ५० मिलिव्होल्ट ढकलते. अख्ख्या फ्रेमभर कष्टाने जमवलेला सिग्नल शेजारणीच्या एका झेपेखाली गाडला जातो.

आता दुसरी बाजू पाहू. अर्ध्या पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर केवळ उष्णतेमुळे येणारा, कुणालाही न टाळता येणारा नॉइज खोलीच्या तापमानाला सुमारे ९० मायक्रोव्होल्ट भरतो. निसर्गाने घातलेली हद्द ही इतकी खाली आहे. तिच्या शंभरपट, पाचशेपट जो गोंगाट दिसतो तो आपल्याच मांडणीने आणलेला आहे. म्हणूनच तो कमी करता येतो, आणि म्हणूनच या प्रश्नावर वेळ घालवणं सार्थकी लागतं.

दोषातून निघालेला सेन्सर

प्रत्येक पिक्सेलमागे एक ट्रान्झिस्टर बसवायची कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात आणली ते टी. पीटर ब्रॉडी. अमेरिकेतल्या वेस्टिंगहाउस कंपनीत त्यांच्या गटाने १९७३ साली सहा बाय सहा इंचांचा, १२० बाय १२० पिक्सेलचा द्रवस्फटिक पडदा दाखवला. त्यातले ट्रान्झिस्टर कॅडमियम सेलेनाइडचे होते. पुढे १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठात ले कोम्बर आणि स्पिअर यांनी अमॉर्फस सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर करून दाखवला, आणि आज घरोघरी असलेल्या एलसीडीचा पाया पडला.

अमॉर्फस सिलिकॉनची एक खोड पहिल्यापासून सगळ्यांना ठाऊक होती. त्याच्यावर उजेड पडला की ट्रान्झिस्टर बंद असतानाही गळू लागतो. त्यासाठी पडदा बनवणारे प्रत्येक ट्रान्झिस्टर काळ्या पट्टीखाली झाकत. ती पट्टी मुद्दाम काढून टाकली तर तोच ट्रान्झिस्टर उजेड मोजू शकतो, हा विचार २००३ च्या सुमारास दोन ठिकाणी पुढे आला. अमेरिकेत ऑरेगनमधल्या प्लॅनर सिस्टिम्सच्या विलेम डेन बोअर, आदि अबिलिया आणि सहकाऱ्यांनी अमॉर्फस सिलिकॉनच्या पॅनेलमध्येच प्रकाशाने चालणारा टच मांडला. जपानमध्ये तोशिबा मात्सुशिता डिस्प्ले या कंपनीने पॉलिसिलिकॉनचा, समोर ठेवलेल्या कागदाची प्रतिमा टिपणारा पडदा जाहीर केला. शार्पने २००७ मध्ये असाच ३.५ इंची पडदा दाखवला आणि २००९ मध्ये मेबियस नावाच्या छोट्या लॅपटॉपच्या टचपॅडच्या जागी चार इंची प्रकाशसंवेदी एलसीडी बसवून तो बाजारात आणला. २०११ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्ट आणि सॅमसंग यांनी मिळून एसयूआर-४० हे ४० इंची टेबल जाहीर केलं. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या त्या पडद्याआडचे सेन्सर अवरक्त किरण पाहत आणि पडद्यावर ठेवलेला हात किंवा वस्तू ओळखत.

या साऱ्यांना एक थोरला भाऊ आहे, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष होतं याचं मला वाईट वाटतं. तो म्हणजे एक्स-रेचा फ्लॅट पॅनेल डिटेक्टर. झेरॉक्स पार्कमधले रॉबर्ट स्ट्रीट आणि मिशिगन विद्यापीठातले लॅरी अँटोनुक यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमॉर्फस सिलिकॉनचे फोटोडायोड आणि ट्रान्झिस्टर काचेवर ओळीने मांडून एक्स-रे टिपण्याचं तंत्र उभं केलं. त्यात चित्र दाखवण्याची जबाबदारी नाही, त्यामुळे डेटा लाइनची धांदल नाही. तरी गेट लाइनची झेप, सप्लायचा हेलकावा आणि एका ओळीतल्या सगळ्या पिक्सेलवर एकदम येणारा नॉइज हे तिथेही होतेच. एका ओळीवर सारखाच आलेला नॉइज चित्रात आडव्या रेघा ओढतो, आणि डोळा अशा रेघा विखुरलेल्या ठिपक्यांपेक्षा कितीतरी लवकर पकडतो. कडेचे काही स्तंभ झाकून ठेवायचे, त्यांच्यावर येईल तो आकडा त्या ओळीचा नॉइज समजायचा आणि उरलेल्या ओळीतून वजा करायचा, हा उपाय डिटेक्टरवाल्यांच्या हातचा आहे. डिस्प्लेवाल्यांनी तो बराचसा तसाच उचलला.

गोंगाट शोधण्याची रीत

उपायांकडे जाण्याआधी दोष कसा पकडतात ते जवळून पाहू, कारण घाईने फिल्टर लावणाऱ्यांची चूक इथेच होते. पॅनेल काळ्या पेटीत ठेवतात. बॅकलाइट बंद करतात. सेन्सरला आता काहीच दिसायला नको. मग पडद्याला करड्या पार्श्वभूमीवर एक पांढरा चौकोन दाखवायला सांगतात आणि सेन्सरकडून आलेली प्रतिमा शेजारच्या मॉनिटरवर उघडतात. उजेड शून्य, तरी त्या प्रतिमेत तोच चौकोन फिकट उमटलेला दिसतो. हा शुद्ध विजेचा ठसा.

चौकोन जागच्या जागी आहे की सरकलेला, यावरून चित्र भरण्याची वेळ आणि सेन्सर वाचण्याची वेळ यांच्यातलं अंतर कळतं. एका फ्रेमला तो उजळ आणि पुढच्या फ्रेमला काळा होत असेल तर पोलॅरिटी बदलण्याचा त्यात हात आहे. द्रवस्फटिकाला एकाच दिशेचं व्होल्टेज सतत सोसत नाही, म्हणून दर फ्रेमला धन-ऋण उलटावं लागतं, आणि त्या उलटापालटीबरोबर ठसाही उलटतो. चौकोनाच्या दोन्ही बाजूंना रुंदीभर आडवे पट्टे दिसले तर सगळ्या पिक्सेलना सामाईक असलेली व्हीकॉमची पातळी किंवा सप्लाय हलतो आहे असं समजायचं. मग बॅकलाइट लावून हीच तपासणी पुन्हा करायची. आता जे नव्याने वाढलं ते प्रकाशाच्या गळतीतून आलं. विजेचा दोष आणि प्रकाशाचा दोष असे वेगळे केल्याशिवाय औषध देण्यात अर्थ नाही.

सगळ्यात कठीण परीक्षा एक-आड-एक काळ्यापांढऱ्या उभ्या रेघांची. शेजारशेजारच्या डेटा लाइनींना विरुद्ध पोलॅरिटी देतात, आणि सेन्सर दोघींच्या बरोबर मध्ये असला तर दोघींचे धक्के एकमेकांना खोडतात. एकसारख्या रंगाच्या चित्रावर ही युक्ती सुरेख चालते. रेघांच्या चित्रात मात्र एक लाइन जोरात हलते, दुसरी जवळजवळ स्थिर राहते, आणि खोडायला कुणी उरत नाही. ज्या पॅनेलची चाचणी फक्त सपाट करड्या चित्रावर झाली आहे, त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

वाचायचं केव्हा

चोरट्या कपॅसिटन्समधून येणाऱ्या धक्क्याचा एक गुण फार उपयोगी आहे. सेन्सरचं साठवणीचं टोक मोकळं तरंगत असताना शेजारची तार वर गेली की तेही वर जातं, तार खाली आली की तेही खाली येतं. मधल्या काळात तार हजार वेळा नाचली तरी चालेल. रीसेट करून, म्हणजे साठलेला भार पुसून, सोडलं त्या क्षणी तार ज्या व्होल्टेजवर होती, त्याच व्होल्टेजवर ती वाचनाच्या क्षणी असेल, तर कपॅसिटन्समधून आलेली बेरीज शून्य होते. ठसा उरतो तो फक्त या दोन क्षणांमधल्या फरकाचा.

यातून सरळ उपाय निघतो. रीसेटच्या आधी आणि वाचनाच्या आधी सगळ्या डेटा लाइन ठरलेल्या एकाच पातळीवर आणून ठेवायच्या. दोन ओळींच्या मध्ये जी मोकळी फट असते, म्हणजे हॉरिझॉन्टल ब्लँकिंग, तिच्यात हे करता येतं. शार्पच्या पॅनेलमध्ये तर चित्र पोचवणाऱ्या सोर्स लाइनीच या फटीत सेन्सरचं उत्तर बाहेर आणायला वापरल्या होत्या. वेगळ्या तारा टाकायला नकोत, त्यामुळे पिक्सेलची प्रकाश सोडणारी जागाही कमी होत नाही. मला ही रचना आजही या विषयातली सगळ्यात हुशार रचना वाटते. तिने नवा आडोसा उभा केला नाही, उपलब्ध शांतता वापरली.

पण ती शांतता आक्रसत चालली आहे. ४८० ओळींच्या पडद्याला ६० हर्ट्झवर एका ओळीसाठी जवळपास ३५ मायक्रोसेकंद मिळतात. १०८० ओळी झाल्या की साधारण १५. आजच्या फोनच्या २४०० ओळी १२० हर्ट्झवर चालवल्या तर साडेतीन मायक्रोसेकंद, आणि त्यातही चित्र भरण्याचं काम उरकायचं आहे. पिक्सेलमधला छोटा ट्रान्झिस्टर वीस पिकोफॅरडची लांब तार हलवतो तेव्हा तिला स्थिरावायला वेळ लागतो. त्या ट्रान्झिस्टरची ताकद पाच मायक्रोसीमेन्स धरली तर वेळेचा स्थिरांक चार मायक्रोसेकंद येतो, आणि चूक एका टक्क्याच्या आत आणायला त्याच्या पाचपट, म्हणजे वीस मायक्रोसेकंद थांबावं लागतं. ४८० ओळींत हे कसंबसं बसतं. १०८० मध्ये बसत नाही. अर्धवट स्थिरावलेली तार वाचली की मागच्या ओळीचा उष्टा सिग्नल पुढच्या ओळीत येतो.

मग तडजोडी सुरू होतात. सेन्सरसाठी वेगळी वाचनतार टाकायची आणि पिक्सेलची जागा गमवायची. दर पिक्सेलला सेन्सर न ठेवता काही पिक्सेलमागे एक ठेवायचा. किंवा चित्र पूर्ण भरून झाल्यावर फ्रेमच्या शेवटी जी मोठी फट असते तिच्यात काही ओळी वाचायच्या आणि पूर्ण प्रतिमा अनेक फ्रेम मिळून जुळवायची. बोटाचा ठसा घ्यायचा तर हे चालतं, कारण बोट क्षणभर स्थिर असतं. हलत्या हाताचा टच ओळखायला चालत नाही.

इथे एका वेगळ्याच शोधाची मदत होते आहे. इंडियम, गॅलियम आणि झिंकच्या ऑक्साइडचा ट्रान्झिस्टर टोकियोतल्या हिदेओ होसोनो यांच्या गटाने २००४ मध्ये पुढे आणला. तो बंद असताना इतका कमी गळतो की पिक्सेलवर चित्र बराच वेळ टिकतं. पॉलिसिलिकॉनशी त्याची सांगड घालून केलेल्या एलटीपीओ पॅनेलमुळे २०१९ च्या ॲपल वॉचचा पडदा सेकंदाला एकदाच ताजा करता आला. हे बॅटरी वाचवण्यासाठी झालं. सेन्सरच्या दृष्टीने पाहिलं तर जवळजवळ अख्खा सेकंद डेटा लाइन गप्प बसतात. उजेड सोडण्याचं नियंत्रण करणाऱ्या तारा तेव्हाही चालू असतात हे खरं, पण त्यांचं वेळापत्रक चित्रावर अवलंबून नसतं, म्हणून तो नॉइज ओळखून वजा करता येतो. वेगवान पडद्याने हिरावलेली शांतता संथ पडदा परत देऊ शकतो.

वजाबाकीचा खर्च

दोनदा वाचून वजाबाकी करण्याचं तंत्र १९७४ साली मार्विन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी मांडलं, तेही वेस्टिंगहाउसमध्येच. ब्रॉडींचा पडदा आणि सेन्सरचा नॉइज घालवायची ही रीत एकाच कंपनीत वर्षभराच्या अंतराने पुढे आली आणि तीस वर्षांनी एका काचेवर भेटली. रीसेट केल्याबरोबर एकदा वाचायचं, उजेड गोळा झाल्यावर दुसऱ्यांदा वाचायचं, आणि फरक घ्यायचा. रीसेटचा उष्णतेचा नॉइज दोन्ही वाचनांत सारखाच असल्याने निघून जातो.

पुष्कळ पॅनेलमध्ये हे शुद्ध रूपात करता येत नाही, ही गोष्ट माहितीपत्रकांत सहसा येत नाही. पहिलं वाचन फ्रेमभर कुठेतरी जपून ठेवावं लागतं, आणि लाखो पिक्सेलसाठी ती स्मृती महाग पडते. म्हणून आधी सिग्नल वाचतात, लगेच रीसेट करतात आणि नव्या रीसेटचं वाचन त्यातून वजा करतात. याने पिक्सेल-पिक्सेलमधल्या ट्रान्झिस्टरच्या फरकाचा ठसा जातो, आणि पॉलिसिलिकॉनमध्ये तो फरक मोठा असल्याने फायदा चांगला होतो. रीसेटचा नॉइज मात्र दोन वेगवेगळ्या रीसेटचा असल्यामुळे घटण्याऐवजी सुमारे १.४ पट होतो. झाकलेल्या सेन्सरचा आकडा वजा करतानाही हाच हिशेब लागू पडतो. एकच झाकलेला सेन्सर वापरला तर त्याचा स्वतःचा नॉइजही पदरात पडतो. असे अनेक सेन्सर घेऊन त्यांची सरासरी वजा केली तर तो खर्च नगण्य होतो.

झाकलेल्या सेन्सरचं आणखी एक काम आहे. अंधारातही डायोडमधून थोडा प्रवाह वाहतो, आणि सिलिकॉनमध्ये तो ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट होतो. नागपूरच्या मे महिन्यात २५ अंशांच्या खोलीतून ४५ अंशांच्या उन्हात आलेल्या फोनमध्ये हा प्रवाह चौपट झालेला असतो. तेच तापमान भोगणारा झाकलेला शेजारी नसेल तर ही वाढ उजेड म्हणून मोजली जाईल.

आडोसे आणि सप्लाय

आडोशांबद्दल थोडक्यात सांगतो. डेटा लाइन आणि सेन्सर यांच्यामध्ये इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर घालून तो स्थिर व्होल्टेजला बांधला की चोरटं कपॅसिटन्स बरंच घटतं. पण त्या थराशी सेन्सरचं नवं कपॅसिटन्स तयार होतं आणि तेवढ्याच भारातून मिळणारं व्होल्टेज कमी होतं. नॉइज अर्धा झाला आणि सिग्नलही अर्धा झाला तर कमाई काही नाही. यावर तोड म्हणून सेन्सरच्या टोकाबरोबर त्याच व्होल्टेजने हलणारा आडोसा ठेवतात. दोघांमध्ये फरकच नसल्यामुळे त्यांच्यातलं कपॅसिटन्स जवळजवळ निष्प्रभ होतं.

एलसीडीत डायोडखाली धातूची एक बारीक चकती लागते, नाहीतर बॅकलाइट खालून थेट डायोडवर पडतो. ही चकती अधांतरी ठेवण्याची चूक होते. अधांतरी धातू शेजारच्या सगळ्या तारांचे धक्के गोळा करून थेट डायोडला पोचवतो. तिला ठाम व्होल्टेज दिलंच पाहिजे.

पॅनेलबाहेरून येणारा नॉइज निराळ्या जातीचा. स्वस्त चार्जर लावला की टच वेड्यासारखा वागतो हे अनेकांनी पाहिलं आहे. चार्जरचा स्विचिंग नॉइज फोनच्या अख्ख्या ग्राउंडला हलवतो आणि बोट मात्र जमिनीशी बांधलेलं असतं. प्रकाश मोजणारा सेन्सर बोटाच्या भारावर अवलंबून नसल्यामुळे या बाबतीत जास्त सुखी, पण वाचन करणाऱ्या चिपचा संदर्भच डळमळला तर त्यालाही झळ पोचते. बॅकलाइटच्या सप्लायचा स्विचिंग क्लॉक ओळीच्या क्लॉकशी बांधून टाकणं हा स्वस्त आणि उत्तम उपाय आहे. मोकाट क्लॉकचा नॉइज प्रतिमेत सरकत्या लाटा आणतो. बांधलेल्या क्लॉकचा नॉइज दर फ्रेमला त्याच जागी येतो, म्हणून तो एकदा नोंदवून कायमचा वजा करता येतो. उलट, क्लॉकची वारंवारता मुद्दाम थोडी पसरवण्याची पद्धत उत्सर्जनाच्या चाचणीत पास व्हायला मदत करते, कारण तिथे शिखराची उंची मोजतात. एकूण ऊर्जा तेवढीच राहते. सेन्सर असलेल्या पॅनेलमध्ये ही पद्धत डोळे झाकून वापरू नये.

घरातला दिवा

मुख्य वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा लहानमोठा होतो. ६० हर्ट्झचा असेल तर १२० वेळा. ६० हर्ट्झच्या पडद्याची फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, तिच्यात १२० हर्ट्झच्या लहरीची बरोबर दोन आवर्तनं बसतात आणि चढउतार आपोआप बुजतो. १०० हर्ट्झची मात्र एक पूर्ण आणि दोनतृतीयांश बसते, आणि दर फ्रेमला वेगळा आकडा येतो. जपानमध्ये पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ आहे. म्हणजे ओसाकात स्थिर असणारं वाचन टोकियोत थरथरू शकतं. भारतासाठी उजेड गोळा करण्याचा काळ १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवावा लागतो.

आपला प्रकाश आणि परका प्रकाश वेगळा करण्याची सगळ्यात भरवशाची रीत म्हणजे स्वतःचा दिवा लुकलुकवणं. एका फ्रेमला अवरक्त बॅकलाइट चालू, पुढच्या फ्रेमला बंद, आणि दोन प्रतिमांची वजाबाकी. दोन्हींत सारखा असलेला खोलीतला उजेड आणि पॅनेलचा स्थिर ठसा दोन्ही निघून जातात. तरीही सेन्सर उन्हाने भरूनच गेला तर वजा करायला काही उरत नाही. एसयूआर-४० च्या वेळी टेबल ठेवायच्या जागेत ऊन आणि पिवळे तापदिवे टाळा, अशा सूचना मायक्रोसॉफ्टला द्याव्या लागल्या होत्या. कपॅसिटिव्ह टच तोवर स्वस्त झाला होता आणि त्याला उन्हाची पर्वा नव्हती. एलसीडीतल्या प्रकाशसेन्सरची पहिली लाट तिथे ओसरली, आणि त्या वेळचा बाजाराचा निर्णय योग्यच होता.

ओएलईडीचा वेगळा पेच

दुसरी लाट ओएलईडीबरोबर आली. २०१८ च्या जानेवारीत व्हिवोने सिनॅप्टिक्सचा सेन्सर पॅनेलखाली बसवलेला एक्स-२० प्लस यूडी हा फोन आणला. ओएलईडीला बॅकलाइट नसल्यामुळे पिक्सेलच्या फटींतून प्रकाश खाली पोचतो. खोलीचा उजेड मोजणारे सेन्सरही तसेच खाली गेले. त्यांच्यापुढे मुख्य शत्रू उभा राहिला तो पडद्याचा स्वतःचा प्रकाश. मंद करण्यासाठी पडदा सेकंदाला शेकडो वेळा विझतो आणि पेटतो. २४० हर्ट्झवर एक आवर्तन ४.२ मिलिसेकंदांचं. त्यातल्या विझलेल्या क्षणात सेन्सर वाचायचा, आणि वर कोणतं चित्र होतं हे ठाऊक असल्याने त्याचा अंदाजी वाटा वजा करायचा, हा आजचा रुळलेला मार्ग. पुन्हा वेळेचंच गणित.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे ऑरगॅनिक फोटोडायोड पॅनेलच्या आत घेणं. टोकियो विद्यापीठातले ताकाओ सोमेया यांचा गट आणि जपान डिस्प्ले यांनी २०२० मध्ये इंचाला ५०८ बिंदूंचा, सेकंदाला ४१ प्रतिमा देणारा लवचिक सेन्सरपट दाखवला. बोटाचे ठसे, शिरा आणि नाडी तिन्ही तो टिपतो. सॅमसंग डिस्प्लेने २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या डिस्प्ले वीकमध्ये पडद्यावर कुठेही बोट ठेवून ठसा, हृदयगती आणि रक्तदाब मोजता येईल असा सेन्सर ओएलईडी मांडला.

इथे मला सावध करावंसं वाटतं. बोटातून परत येणाऱ्या प्रकाशात नाडीमुळे होणारा बदल जेमतेम एखाद-दोन टक्के असतो. सेन्सर सेकंदाला ३३ वाचनं घेत असेल आणि खोलीत १०० हर्ट्झचा लुकलुकता दिवा असेल, तर तीन गुणिले ३३ म्हणजे ९९, आणि उरलेला १ हर्ट्झ सिग्नलमध्ये उतरतो. १ हर्ट्झ म्हणजे मिनिटाला ६० ठोके. दिव्याची नाडी माणसाची म्हणून मोजली जाईल, आणि ती अगदी निरोगी दिसेल. भारतात ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे, त्यामुळे हा खोटा ठोका थोडा मागेपुढे होत राहील आणि आणखीच खरा वाटेल. ठशाच्या बाबतीत नॉइज राहिला तर फोन उघडत नाही, माणूस पुन्हा अंगठा लावतो. आरोग्याच्या बाबतीत चुकीचा आकडा कुणाच्या लक्षातही येत नाही.

अशा वेळी सॉफ्टवेअरने प्रतिमा साफ करून घेऊ, हे उत्तर अपुरं आहे. शिकवलेली प्रणाली तुटलेल्या ठशाची रेघ जोडून देते, कारण रेघा कशा असतात हे तिला माहीत आहे. सिग्नलमध्ये नसलेली नाडी ती भरून काढू लागली तर ते मोजमाप राहत नाही.

भारतात फोनची जोडणी मोठ्या प्रमाणावर होते आणि पॅनेल मुख्यतः बाहेरून येतात. ते विकत घेणाऱ्या अभियंत्यांना माझी विनंती आहे. सेन्सर किती बिंदूंचा आहे हे विचारून थांबू नका. पडद्यावर एक-आड-एक काळ्यापांढऱ्या रेघा चालू असताना, चार्जर जोडलेला असताना, ४५ अंशांवर आणि १०० हर्ट्झच्या दिव्याखाली त्याचा नॉइज किती मिलिव्होल्ट आहे, हा आकडा लेखी मागा. तो मिळाला नाही, तर त्या पॅनेलवर नाडी मोजण्याची सोय ग्राहकाला देऊ नका.